वेल्श म्हणजे उपरे

प्रिय अण्णा,

खरं तर 'तीर्थरूप अण्णांस' लिहायला हवं, खाली 'सा. न. वि. वि.' आणि मग तब्येतीची चौकशी. पण तब्येतीचं विचारण्यात आता काही अर्थ नाही, आणि बाकीचं मला शाळेपासून जमलेलं नाही. सासऱ्यांना 'प्रिय' लिहिलेलं तुम्हाला रुचणार नाही, तरी चालवून घ्या.

आज लिहायला बसले कारण काल संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघात तुमचं भाषण मी केलं. 'इंग्लंडचे मूळचे लोक कोण?' हेच ते. गेल्या वर्षी तुम्ही करणार होतात आणि राहून गेलं. तुमच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात संघाला ते करून हवं होतं. त्यांनी रीतीप्रमाणे आधी मुलाला विचारलं. विषय अँगल-सॅक्सन लोकांचा आहे म्हटल्यावर तुमचे चिरंजीव महेशराव म्हणाले, "अँगल मला माहितीये, पस्तीस बाय पस्तीस. सॅक्सनचा रेट काढावा लागेल." दिवसभर गेट आणि ग्रिल वेल्डिंग करणाऱ्या माणसाकडून आणखी काय ऐकणार? मग ते माझ्या गळ्यात पडलं.

आणखी एक कारण आहे, आणि खरं कारण तेच. तुमच्याविरुद्ध माझी एक तक्रार होती. वर्षभर ती मी कुणाजवळ बोलले नाही, महेशजवळसुद्धा नाही. त्या दुपारी दवाखान्यात सिस्टरनं माझ्याकडे बोट दाखवून तुम्हाला विचारलं, "बाबा, या कोण तुमच्या?" तोंडावरचा मास्क बाजूला करून तुम्ही म्हणालात, "गाववाली."

अण्णा, सून म्हणायचं सोडून गाववाली?

शेजारच्या काकूंनी तुम्हाला रिक्षातून तिथे आणलं होतं. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून तशीच निघाले होते. पर्स, ओळखपत्र, सगळं लॉकरमध्ये. सिस्टर मालेगावकडची होती, बोलायला चांगली होती, पण नियमाची पक्की. "ताई, आत फक्त घरचे लोक." मी म्हटलं, "अहो, सून आहे मी यांची." ती म्हणाली, "पेशंट शुद्धीवर आहे, ते स्वतः सांगताहेत गाववाली म्हणून. मी काय करू?" तिचं काही चुकलं नाही. महेश सिन्नरला कुणाच्या तरी शेडवर चढलेला, त्याचा फोन लागेना. तो येईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून होते. तो आला, त्यानं सांगितलं, मग मला आत सोडलं. तोवर तुम्ही डोळे मिटले होते, ते काही परत उघडले नाहीत.

बाकावर बसून मी एकच विचार करत होते. इतकी वर्षं या माणसाचं पथ्यपाणी केलं, वाद घातले, पेपर वाचून दाखवले, आणि शेवटच्या शब्दात यानं मला घराबाहेर काढलं.

हे मनात येण्याला कारण तुम्हीच दिलं होतं, बरं का. लग्न होऊन या घरात आल्यापासून तुम्ही कुणाशीही माझी ओळख करून देताना म्हणायचात, "ही आमची सून. मूळची सुरगाण्याची." दूधवाल्याला तेच, बँकेतल्या साहेबांना तेच. 'आमची सून' म्हटल्यावर तुम्हाला पूर्णविराम कधी सापडला नाही. समोरचा माणूस "अच्छा, सुरगाणा" म्हणून माझ्याकडे नव्यानं बघायचा. मग आदिवासी पट्टा, नागलीची भाकरी, बोहाड्याचे मुखवटे, जे काय त्याला माहीत असेल ते निघायचं. तुमच्या मनात वाईट काही नव्हतं. पण नव्या साडीवरची दुकानाची चिठ्ठी इतकी वर्षं कुणी ठेवतं का?

एकदा मी तुम्हाला म्हटलंही होतं, "अण्णा, आपण चांदवडकर. चांदवडला तुमचं कोण आहे?" तुम्ही म्हणालात, "कुणी नाही. आजोबाच तिथून निघाले." मी म्हटलं, "मग?" त्यावर तुम्ही खूश होऊन मलाच शिकवलंत, की चांदवडात राहणाऱ्याला कुणी चांदवडकर म्हणत नाही. गाव सोडल्याशिवाय ते नाव लागत नाही. नाव आपलं, पण ठेवतात दुसरे. इतकं नेमकं सांगून तुम्ही पेपरात डोकं घातलंत आणि माझा मुद्दा तसाच राहिला. इतिहासाच्या मास्तरांना घरातलं कमी दिसतं, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं.

इंग्लंडचं वेड तुम्हाला नोकरीत असताना नव्हतं. ते लागलं धाकटा सुहास तिकडे गेला आणि त्यानं कॅरिसशी लग्न केलं तेव्हापासून. तुम्ही सगळ्यांना पेढे देताना सांगितलंत, "धाकटी सून इंग्लिश आहे." पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिनं हसून दुरुस्ती केली, "इंग्लिश नाही, वेल्श." शेजारच्या काकूंनी तिचं करिश्मा करून टाकलं ते तिला चाललं, पण इंग्लिश म्हटलेलं चाललं नाही. तुम्हाला वाटलं, एवढं काय त्यात? मग तुम्ही खोदायला लागलात, आणि एकदा खोदायला लागलात की तुम्ही थांबता कुठे?

जेवताना आम्हाला हप्त्याहप्त्यानं मिळायचं. रोमन फौजा ब्रिटन सोडून गेल्या. मग आजच्या उत्तर जर्मनीच्या, डेन्मार्कच्या आणि हॉलंडच्या किनाऱ्यावरून अँगल, सॅक्सन, ज्यूट असे लोक होड्यांतून येत राहिले. दंतकथा अशी, की तिथल्या राजानंच त्यांना राखणदार म्हणून बोलावलं, आणि राखणदारच मालक होऊन बसले. महेश भात कालवत म्हणायचा, "म्हणजे भाडेकरूच की." तुम्ही चिडायचात.

आणि मग तो शब्द तुम्हाला सापडला. आलेल्या लोकांनी तिथे आधीपासून राहणाऱ्यांना जे नाव दिलं त्यावरून 'वेल्श' आला, आणि त्या शब्दाचा अर्थ परका. किती दिवस तुम्ही त्यावर खूश होतात! अक्रोड फोडताना म्हणायचात, "वॉलनट, म्हणजे वेल्श नट, परक्यांचं फळ." मराठीत त्याला शब्दही तुम्हीच काढलात, 'उपरी'. जुन्या गावगाड्यात पिढीजात जमिनीचा धनी तो मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. तुम्ही म्हणालात, "इथे उलटंच झालं बघ. उपरे आले आणि मिरासदाराला उपरा म्हणायला लागले. पुढे एका राजाच्या कायद्यात तर वेल्श माणसाच्या जिवाची भरपाईसुद्धा कमी. आपल्याच घरात परके, काय?"

मी तेव्हा पोळ्या लाटत होते. लाटणं जरा जोरात चाललं असेल.

आपली खरी भांडणं मात्र हाडांवरून झाली. तुम्ही जुन्या पुस्तकांतलं मानायचात, की आलेल्यांनी कत्तल केली आणि उरलेले डोंगरात पळाले. नंतरच्या लोकांचं म्हणणं, आले ते मूठभर सरदार, बाकीच्यांनी फक्त त्यांची भाषा उचलली. आणि आता जुन्या थडग्यांतल्या हाडांचा डीएनए काढल्यावर दोन्हींना मुरड घालावी लागली. मूठभर नव्हे, पुष्कळ लोक आले, बायकासुद्धा आल्या. पूर्वेकडे जास्त, पश्चिमेकडे कमी. आणि आलेले आणि आधीचे मिसळले.

मी पाण्याची केमिस्ट. बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात काय आहे आणि ते कुठून आलं, हे बघणं हेच माझं काम. म्हणून दातांचं मला पटकन समजलं. लहानपणी माणूस ज्या भागातलं पाणी पितो त्याची खूण दातांच्या वरच्या थरात राहते. पुढे तो कुठेही जाऊन मरो, दात सांगतात बालपण कुठलं. मी म्हटलं, "माझे दात सुरगाण्याचे, महेशचे नाशिकचे." तुम्ही कवळी काढून वाटीत ठेवलीत आणि म्हणालात, "माझे शालिमार चौकातल्या डॉक्टरांचे." त्या दिवशी आपण दोघं इतके हसलो, की महेश खालच्या वेल्डिंगच्या दुकानातून वर बघायला आला.

असं सगळं होतं, अण्णा. म्हणून तर त्या एका शब्दानं जास्त लागलं.

भाषणाची तयारी करताना मागच्या आठवड्यात मी कॅरिसला फोन केला. मला विचारायचं होतं, की तिच्या लोकांना वेल्श म्हटलेलं लागतं का, व्यासपीठावरून तो अर्थ सांगू की नको. ती म्हणाली, "खुशाल सांग. पण आम्ही स्वतःला काय म्हणतो तेही सांगशील ना? अण्णा सांगणार होते."

मी म्हटलं, "काय म्हणता?"

"कम्री," ती म्हणाली. "फार जुना शब्द आहे. एकाच मुलखातले, एकमेकांच्या सोबतचे लोक, असा त्याचा अर्थ. अण्णांनी तुला सांगितलं नाही?"

नाही सांगितलंत. तुमच्या शेवटच्या दिवाळीत ते दोघं आले होते तेव्हा मला शिफ्ट होती. सकाळी गच्चीवर उन्हात तुम्ही आणि ती बसायचात, एवढंच मला माहीत. कॅरिसनं बाकीचं सांगितलं. तिच्याकडून तो अर्थ कळल्यावर तुम्ही म्हणे लगेच त्याला मराठी शब्द शोधायला लागलात. देशबांधव म्हटलंत, ते तुम्हालाच भाषणासारखं वाटलं. स्वजन म्हटलंत, तो लग्नपत्रिकेतला वाटला. दुसऱ्या दिवशी ती वर आली तर तुम्ही तिच्यासाठी थांबूनच होतात. "सापडला," म्हणालात. "गाववाले."

तिच्याकडून तो शब्द तुम्ही घोटून घेतलात. परमुलखात दोन माणसं भेटली, एक म्हणाला मी नाशिकचा, की दुसरा कसा म्हणतो, "अरे, मग गाववाले की!" आणि लगेच चहा मागवतो, हे तुम्ही तिला करून दाखवलंत म्हणे, दोन्ही माणसांचे आवाज काढून. मला ते सगळं डोळ्यांसमोर दिसलं.

मग तुम्ही तिला जे म्हणालात, ते तिनं फोनवर अगदी सहज सांगितलं. तिला वाटलं मला माहीत असणार. तुम्ही म्हणालात, "मी या घरात एका बाईला इतकी वर्षं वेल्श म्हणत आलो. ती माझी कम्री आहे."

अण्णा, मी फोन ठेवला आणि रडले. ओढणीला नाक पुसत चांगली रडले. महेशनं विचारलं काय झालं, तर म्हटलं, इंग्लंडचा इतिहास वाचतेय. तो म्हणाला, "मग साहजिक आहे."

आता कितीतरी गोष्टी उलगडतात. त्या दिवाळीनंतर तुमच्या तोंडून 'मूळची सुरगाण्याची' कधी आलं नाही. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. टोचणारी गोष्ट थांबली की कळत नाही. आणि एकदा हॉलमधून तुमची हाक आली होती, "ओ गाववाले, चहा होईल का?" मला वाटलं, कुणीतरी चांदवडकडचं आलंय. मी दोन कप केले, शेवही काढली. बाहेर येऊन बघते तर तुम्ही एकटेच. मी विचारलं, "पाहुणे गेले का?" तुम्ही माझ्याकडे बघून नुसते हसलात आणि दोन्ही कप प्यायलात. मी साखरेवरून तुम्हाला बोलले.

सांगायला काय झालं होतं? एवढं कॅरिसला समजावलंत, मराठी न येणाऱ्या बाईला आवाज काढून दाखवलंत, आणि जिच्यासाठी शब्द शोधला तिला एक अक्षर नाही? तोंडावर कौतुक केलं की सून डोक्यावर बसते, असलं काही तुमच्या डोक्यात असणार. मी बसले नसते. किंवा बसले असते थोडी, तर काय बिघडलं असतं?

आणि दवाखाना! सगळ्या जगात एकच जागा अशी होती जिथे तुमचा साधा, नेहमीचा 'सून' हा शब्द मला हवा होता. तिथेच तुम्हाला सगळ्यात चांगला शब्द द्यावासा वाटला. सिस्टर बिचारी काय समजणार? गाववाली म्हणजे गावाकडून कुणी बाई आली असेल, असंच कुणालाही वाटणार. मलाही तेच वाटलं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात ते आठवतं. समजलं का, असं विचारत होतात का? नाही समजलं, अण्णा. त्या दिवशी नाही समजलं.

काल संघाचा हॉल भरला होता. अध्यक्षांनी ओळख करून दिली, "आपल्या अण्णांच्या सूनबाई, मूळच्या सुरगाण्याच्या." जुनी सवय, तुमच्याकडूनच लागलेली. मी नमस्कार केला आणि सुरुवात केली.

रोमन फौजांपासून हाडांपर्यंत सगळं सांगितलं. इंग्रजीत वेल्शांचे शब्द फारसे उरले नाहीत, पण नद्यांनी जुनी नावं सोडली नाहीत, हे सांगितलं. एव्हन नदी म्हणतात तिथे एव्हन म्हणजेच नदी. आलेल्यांनी विचारलं असेल हे काय, आणि आधीचे म्हणाले असतील नदी. आपण नाशिककर नाही का गोदावरीवर निघालो तरी 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतो, आणि बाहेरचा माणूस समजतो हे काशीला निघाले? त्यावर हशा आला. वेल्श म्हणजे उपरे हे सांगितलं तेव्हा माना हलल्या. मग कम्री म्हणजे गाववाले हे सांगितलं. मी तुमचं नाव घेऊन एवढंच म्हटलं, की हे भाषांतर आमच्या अण्णांचं आहे. पुढचं आपल्या घरातलं, ते तिथे काढलं नाही.

शेवटी देवरे भाऊसाहेब उठले, तुमचे बागलाणातले मित्र. म्हणाले, "ते सम्दं ठीक शे ताई, पन मंग मूळना कोन?"

मी म्हटलं, "भाऊसाहेब, वेल्शांच्याही आधी तिथे लोक होते, आणि त्यांच्या आधीही. सगळे कुठून ना कुठून आलेले. एकाच दफनभूमीत, एकाच तऱ्हेनं पुरलेली माणसं सापडतात. एकाचं रक्त पलीकडच्या किनाऱ्यावरचं, शेजारच्याचं तिथलंच, आणि त्या तिथल्याच्या अंगावर दागिना आलेल्यांच्या पद्धतीचा. पुरणाऱ्यांनी त्यांना वेगळं ठेवलं नाही. ते वेगळे होते, हे इतक्या वर्षांनी आपण प्रयोगशाळेत काढलं."

भाऊसाहेब म्हणाले, "अण्णा बी आसंच बोलायचे." एवढं बोलून खाली बसले. मला ते बक्षीस पुरेसं आहे.

बाहेर पडताना अध्यक्षांना मी सांगितलं, पुढच्या वेळी ओळख नुसती 'अण्णांची सून' एवढीच करा. ते म्हणाले, बरं. रागावले नाहीत. इतकं सोपं होतं हे. मी उगाच इतकी वर्षं पोळ्यांवर राग काढला.

तर तक्रार मागे घेते आहे, असं समजा. अर्धी. डोळे मिटताना मी जवळ नव्हते, ती अर्धी माझ्याकडे राहू द्या, ती काही जायची नाही.

आणि एक कबूल करून ठेवते. कधी तरी मीही तुमच्या मागून येईन. तिथे दारावर कुणी असेल आणि विचारलं, अण्णा तुमचे कोण, तर मी सरळ 'सासरे' म्हणून सांगणार आहे. तुमचा शब्द जास्त चांगला आहे, मान्य. पण गाववाले म्हटलं की आत सोडत नाहीत, अण्णा. आत आल्यावर मग तुम्ही म्हणाल ते.

तुमची सून,
जयश्री